कुवेतचा शोक आणि नैराश्याचा आजार



“हल्ली मन कशातच लागत नाही” ही तक्रार आपल्या घरांत नवी नाही. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामले अशा ज्या ज्या गावी आपली मंडळी येऊन वसली, तेथे कोणी मावशी, कोणी काका ही तक्रार करीत आले. तीवर आपली उत्तरेही ठरलेली असतात. मन घट्ट करा, सिनेगॉगमध्ये येत जा, चार माणसांत मिसळा. सांगणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो. तथापि ज्या आजाराला हिब्रूत दिकाऊन, अरबीत इक्तिआब आणि मराठीत नैराश्य म्हणतात, तो उपदेशाने हटत नाही. आणि उपदेशाने हटला नाही म्हणजे दोष रोग्याच्याच माथी बसतो.

हा दोष माणसाने पूर्वापार कसा दिला आणि ज्ञानाने तो हळूहळू कसा उतरवला, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे. त्यासाठी कुवेत देशाचे उदाहरण आम्ही घेत आहोत. कुवेतच का, असे वाचक विचारतील. कुवेतने एकाच पिढीत, साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत, घरदार, धन आणि आप्त गमावले व त्यानंतर मनाच्या जखमेची सरकारदरबारी दखल घेतली. शिवाय त्या देशाचा आपल्या कोकणाशी, मुंबईशी आणि थोडासा यहुदी इतिहासाशीही जुना संबंध आहे.

कुवेत आणि आपण

तेल सापडण्यापूर्वीचे कुवेत म्हणजे आखाताच्या टोकाशी वसलेले खलाशांचे आणि मोती काढणाऱ्यांचे गाव. त्यांची गलबते मलबारच्या सागवानाची असत आणि त्यांचे मोती मुंबईच्या बाजारात येत. भारतीय रुपया कुवेतच्या पेठेत सर्रास चाले. १९५९ साली भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या आणि १९६१ साली कुवेतचा स्वतःचा दिनार आला, तेव्हा हा व्यवहार संपला.

विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे थोडी यहुदी कुटुंबेही राहत असत. ती मूळची इराककडची. अशाच एका घरात १९०८ साली सालेह आणि १९१० साली दाऊद हे दोघे भाऊ जन्मले. त्यांचे काका व्यापारासाठी हिंदुस्थानात गेले होते. परतताना त्यांनी पुतण्यांसाठी एक व्हायोलिन व एक ऊद आणले, अशी हकीकत सांगतात. हिंदुस्थानातून गेलेल्या त्या दोन वाद्यांवर ‘अल-कुवैती बंधू’ घडले. पुढे ते बसरा आणि बगदाद येथे गेले. १९३६ साली बगदाद नभोवाणीचा वाद्यवृंद त्यांनीच उभा केला. त्यांच्या चाली साऱ्या अरब जगात गायिल्या जात. या भावांकडे आपण पुढे पुन्हा वळणार आहोत.

तेलाचे उत्पन्न वाढले तशी कुवेतला माणसांची गरज पडू लागली. रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील कित्येक घरांतून कोणी चालक म्हणून, कोणी कारकून म्हणून, कोणी जहाजाच्या वा तेलाच्या कामावर तिकडे गेले. मुंबईहून परिचारिका, शिक्षक व अभियंते गेले. ज्या अष्टागरात आपल्या पूर्वजांनी घाणे चालवले, त्याच मुलखातील शेजारी आखातातून मनिऑर्डरी धाडू लागले.

सात महिने

२ ऑगस्ट १९९० रोजी पहाटे इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले. २६ फेब्रुवारी १९९१ रोजी कुवेत शहर मुक्त झाले. मधल्या सात महिन्यांत हजारो कुवेती देशाबाहेर गेले, अनेक मारले गेले, अनेकांना पकडून इराकमध्ये नेण्यात आले. माघार घेताना सैन्याने सहाशेहून अधिक तेलविहिरींना आग लावली. शेवटची पेटती विहीर विझवून बंद करण्यास ६ नोव्हेंबर १९९१ उजाडला. तोवर त्या देशात भर दुपारी आकाश काळवंडलेले असे.

त्या वेळी कुवेतमध्ये दीड लाखाहून अधिक भारतीय होते. त्यांच्या बँकेतील ठेवी अडकल्या, घरे जशीच्या तशी मागे राहिली. बसने बगदाद, तेथून वाळवंट ओलांडून जॉर्डनची सीमा, मग तंबूंतील मुक्काम आणि शेवटी अम्मानहून मुंबईचे विमान, असा त्यांचा प्रवास झाला. एअर इंडियाने इंडियन एअरलाइन्सच्या साहाय्याने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे केली आणि एक लाखाहून अधिक माणसे परत आणली. या पराक्रमाचे कौतुक योग्यच आहे. परंतु विमान उतरल्यानंतर त्या माणसांचे काय झाले, याची चर्चा फार थोडी झाली.

येथे आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या वर्षी आम्ही मुंबईत अध्यापक विद्यालयात शिकत होतो व सराव पाठांसाठी एका शाळेत जात होतो. वर्ष अर्धे सरत आले असताना कुवेतहून परतलेली काही मुले त्या शाळेत दाखल झाली. त्यांतील दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा दिवसभर बाकावर डोके टेकून बसे. फळ्यावरचे उतरवून घेत नसे, मधल्या सुटीत डबा उघडत नसे. आम्ही निरीक्षणाच्या वहीत त्याच्या नावापुढे शेरा लिहिला: “आळशी. अभ्यासात रस नाही.” बालमानसशास्त्राच्या पेपरात त्याच सत्रात आम्हांला उत्तम गुण पडले होते. त्या मुलाला मात्र आम्ही एकदाही विचारले नाही की, बाळ, तुमचे तिकडचे घर कसे होते, आणि तुझे बाबा आता काय करतात?

त्याच लढाईत, जानेवारी ते फेब्रुवारी १९९१ या काळात, इराकने इस्राएलवर सुमारे चाळीस क्षेपणास्त्रे टाकली. त्या वेळी येथे असलेल्या आपल्या कुटुंबांनी दारे-खिडक्या चिकटपट्टीने बंद करून, मुलांच्या तोंडावर मुखवटे चढवून कित्येक रात्री काढल्या. म्हणजे कुवेतचे दुःख आपणांस अगदीच परके नाही.

ज्यांचा शोक संपत नाही

मुक्त झालेल्या कुवेतपुढे प्रश्न उभा राहिला तो बेपत्ता माणसांचा. अधिकृत यादीत ६०५ नावे होती. लहान देशात ६०५ म्हणजे जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्यातील कोणी तरी. ती माणसे जिवंत आहेत की नाहीत हे घरच्यांना कळेना. २००३ नंतर इराकमधील सामूहिक दफनांच्या जागा सापडू लागल्या आणि अवशेषांची ओळख थोडी थोडी पटू लागली. हे काम त्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिले. ज्या आईने १९९१ साली मुलाची वाट पाहण्यास आरंभ केला, तिला उत्तर मिळण्यास वीस-तीस वर्षे लागली आणि कित्येकींना ते मिळालेच नाही.

अशा शोकाचे वेगळेपण आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखले आहे. योसेफाचा रक्ताने माखलेला झगा पाहून याकोब रडला आणि त्याने सांत्वन घेण्याचे नाकारले, असे तोरात आहे. राशीचे भाष्य असे की, मेलेल्याविषयीचे दुःख काळाने ओसरते, पण जिवंत असूनही मेला असे समजल्या गेलेल्या माणसाविषयी मन सांत्वन स्वीकारीत नाही. विसाव्या शतकात अमेरिकेतील पॉलीन बॉस या विदुषीने बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करून हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर ओलिसांच्या कुटुंबांकडे पाहताना आपणही ती जवळून पाहिली.

आपल्याकडे मृत्यूनंतर सात दिवस, मग तीस दिवस आणि आईबापांसाठी वर्षभर, असा शोकाचा क्रम ठरवून दिलेला आहे. त्या क्रमाने माणूस हळूहळू उंबरठ्याबाहेर येतो. शोक हा आजार नव्हे. परंतु ज्या शोकाला दफन नाही, कद्दिश नाही, शेजाऱ्यांचे येणेजाणे नाही, तो आत कोंडतो आणि पुष्कळदा त्याचे आजारात रूपांतर होते. देश सुटला, धंदा बुडाला, मान गेला, या दुःखांसाठी तर कोणत्याच समाजाने सात दिवस बसण्याची रीत घातलेली नाही.

मुक्तीनंतर अमेरिकेतील व कुवेतमधील अभ्यासकांनी मिळून ५१ कुवेती मुलामुलींची पाहणी केली. ती १९९३ साली प्रसिद्ध झाली. सत्तर टक्क्यांहून अधिक मुलांत आघाताची मध्यम वा तीव्र लक्षणे आढळली. शोकाच्या खुणाही होत्या. १९९२ साली कुवेतच्या अमिरांच्या दिवाणाखाली सामाजिक विकास कार्यालय स्थापन झाले. युद्धाने मनावर केलेल्या परिणामांचा अभ्यास करणे आणि लोकांना सल्ला व उपचार देणे हे त्याचे काम ठरले. संयुक्त राष्ट्रसंघाने नुकसानभरपाईसाठी जो आयोग नेमला, त्यानेही एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट केली. घर, पगार व धंदा यांच्याबरोबर ‘मानसिक यातना’ हाही ठरावीक प्रसंगी भरपाईस पात्र असा तोटा मानला. इराकने या भरपाईचा शेवटचा हप्ता २०२२ साली चुकता केला. मनाचे दुःख हिशेबाच्या वहीत लिहिले गेले, ही इतिहासातील लहान घटना नव्हे.

जुने वैद्य काय म्हणत

कुवेतपासून थोड्या अंतरावर बसरा आहे आणि तेथून नदीने वर गेले की बगदाद. नैराश्यावरील जुन्या ज्ञानाचा मोठा भाग याच मुलखात घडला. ग्रीक वैद्यांनी या आजाराला ‘मेलँकोलिया’ म्हटले, म्हणजे काळे पित्त. शरीरातील चार रसांपैकी काळे पित्त वाढले की माणूस खिन्न होतो, अशी त्यांची समजूत. समजूत चुकीची होती, परंतु तिचा एक लाभ झाला. भुताखेतांचा वा पापाचा दोष बाजूला सरून आजार शरीरात आला आणि वैद्याकडे जाण्याचा मार्ग मोकळा झाला.

बगदादहून ट्युनिसमधील कैरुआन नगरीस गेलेल्या इसहाक इब्न इमरान या वैद्याने खिन्नतेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याने कारणे देताना पित्ताबरोबर आवडत्या माणसाचा मृत्यू सांगितला आणि विद्वानाचे न मिळणारे ग्रंथ नष्ट होणे हेही सांगितले. माणसाला प्रिय असे जे काही असेल ते गमावले तर मन आजारी पडते, हे त्याने एक हजार वर्षांपूर्वी पाहिले होते. त्याचा शिष्य यित्सहाक इस्राएली हा यहुदी होता व पुढे मोठा वैद्य आणि तत्त्वज्ञ म्हणून नावाजला.

त्याच सुमारास इराकमध्ये शिकून गेलेला अबू झैद अल-बल्खी (मृत्यू ९३४) याने शरीर व मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. ज्या दुःखाचे कारण ठाऊक आहे आणि ज्याचे कारण सापडत नाही, असे दुःखाचे दोन प्रकार त्याने केले. दुसऱ्या प्रकाराचे मूळ त्याने शरीरात शोधले. माणूस ज्याप्रमाणे औषधे जवळ बाळगतो त्याप्रमाणे निरोगी माणसाने बरे विचार आधीपासून जमवून ठेवावेत, म्हणजे कठीण वेळी ते कामी येतात, असा त्याचा सल्ला होता. आजच्या विचारोपचाराचे बीज त्यात स्पष्ट दिसते.

आणि मग रंबाम. मोशे बेन मैमोन यांचा धाकटा भाऊ दावीद रत्नांचा व्यापार करी व त्यावर सारे कुटुंब चाले. ११७० च्या सुमारास तो हिंदुस्थानकडे निघाला आणि त्याचे जहाज हिंदी महासागरात बुडाले. (आपला दावीद रहाबी तो हाच, असा तर्क काहींनी केला आहे. पण रंबाम यांच्या पत्रावरून त्यांचा भाऊ समुद्रातच गेला हे उघड आहे.) ही बातमी कळल्यावर रंबाम सुमारे वर्षभर अंथरुणास खिळले. ताप, अंगावरील फोड आणि मनाची विस्कटलेली अवस्था यांचे वर्णन त्यांनी पुढे अक्को येथील एका स्नेह्यास लिहिलेल्या पत्रात केले आहे. भावाचे हस्ताक्षर नजरेस पडले की आठ वर्षांनंतरही आपले दुःख उसळून येते, असे ते कबूल करतात. धर्मशास्त्राचा एवढा मोठा आधारस्तंभ वर्षभर उठू शकला नाही. त्यांची श्रद्धा कमी पडली असे म्हणण्याचे धाडस कोण करील? पुढे सलाउद्दीनचा पुत्र अल-अफदल याने खिन्नतेची तक्रार केली, तेव्हा रंबाम यांनी त्याच्यासाठी आरोग्यावरील ग्रंथ लिहिला आणि त्यातील एक प्रकरण मनाच्या विकारांस दिले. आहार, झोप, व्यायाम आणि विचारांची शिस्त या चारही गोष्टी त्यांनी एकत्र सांगितल्या.

आधुनिक स्पष्टीकरणे

विसाव्या शतकात या प्रश्नाकडे निरनिराळ्या दिशांनी पाहिले गेले. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ साली शोक आणि खिन्नता यांची तुलना केली. शोकात जग रिकामे वाटते. खिन्नतेत माणूस स्वतःच रिकामा व निरुपयोगी वाटू लागतो. गेलेल्याविषयीचा राग माणूस स्वतःवर उलटवतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या सर्व मतांना आज कोणी मान देत नाही, परंतु हा भेद अजूनही उपयोगी पडतो.

१९६७ साली मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांचे कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले. ज्या कुत्र्यांना विजेचे धक्के टाळण्याचा कोणताही उपाय नव्हता, ती पुढे उपाय समोर असूनही उठेनात. त्यांस ‘शिकलेली असहायता’ असे नाव मिळाले. वर्षानुवर्षे निरनिराळ्या कचेऱ्यांत अर्ज देऊन ज्यांना नकारच मिळाला, त्यांना या प्रयोगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

रशियातून अमेरिकेत आलेल्या यहुदी कुटुंबात जन्मलेले डॉ. ॲरन बेक (१९२१–२०२१) यांनी रुग्णांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकले. स्वतःविषयी, जगाविषयी आणि पुढच्या दिवसांविषयी रुग्णाच्या मनात काळे विचार आपोआप उमटतात व तो त्यांना सत्य मानून चालतो, असे त्यांना आढळले. ते विचार वहीत उतरवून, पुराव्याशी ताडून पाहण्याची पद्धत त्यांनी १९६० नंतर बसवली.

१९७८ साली लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन व टिरिल हॅरिस यांनी सामान्य घरांतील स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. मोठ्या आघातानंतर नैराश्य कोणास होते? जिला मनातले सांगण्यास जवळचे कोणी नाही, जिची आई लहानपणीच गेली, जिच्या घरात तीन वा अधिक लहान मुले आहेत आणि जिला बाहेरचे काम नाही, तिला धोका अधिक. आपल्या समाजातील स्त्रिया नव्या देशात, चौथ्या मजल्यावरील घरात, भाषा न येता, लहान मुलांसह दिवस काढीत होत्या, तेव्हा त्यांच्यापैकी किती जणी या वर्णनात बसल्या असतील? शेजारीण मराठी समजणारी असेल तरच दोन शब्द बोलणे होई.

अनुवंश, दीर्घ आजार, थायरॉइडचे विकार व बाळंतपण हीही कारणे आहेत. मेंदूत एक द्रव्य कमी पडले की नैराश्य येते, हे पूर्वी सांगितले जाणारे सोपे स्पष्टीकरण आता अपुरे ठरले आहे. शरीर, मनाची घडण आणि परिस्थिती या तिन्हींच्या गुंत्यातून हा आजार होतो.

आता अल-कुवैती बंधूंकडे वळू. १९५१ साली ते इस्राएलला आले. प्रथम छावणीत राहिले, नंतर तेल अवीवच्या हातिक्वा वस्तीत त्यांनी घरगुती भांड्यांचे दुकान मांडले. बगदादमध्ये राजेरजवाड्यांपुढे वाजवणारे हे कलावंत येथे हिब्रू रसिकांना अनोळखी होते. ‘कोल इस्राएल’च्या अरबी कार्यक्रमात ते वाजवीत व ते ऐकणारे सीमेपलीकडचे असत. तिकडे इराकमध्ये त्यांच्या चाली चालू राहिल्या, पण त्यांची नावे पुसण्यात आली. दाऊद १९७६ साली व सालेह १९८६ साली वारले. त्यांना कोणता आजार होता असे आम्ही म्हणत नाही. मेलेल्याचे निदान करण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु माणूस काय काय गमावू शकतो आणि ते बाहेरून किती थोडे दिसते, हे त्यांच्या दुकानाच्या फळीवरून कळते. आपल्या समाजातील रेल्वेचे बाबू, कचेऱ्यांतील हेडक्लार्क, शाळांतील मास्तर येथे येऊन कारखान्यात उभे राहिले, तेव्हा त्यांच्या दुःखाला कोणी नाव दिले होते काय?

ओळख आणि उपचार

या आजाराची खूण अशी. उदासपणा किंवा कशातही रस न वाटणे, हे दिवसाचा बहुतेक वेळ आणि दोन आठवडे वा अधिक टिकते. त्याबरोबर झोप व भूक बिघडते, थकवा येतो, लक्ष लागत नाही, आपण निरुपयोगी वा अपराधी आहोत असे वाटते, मरणाचे विचार येतात. आपल्या वडीलधाऱ्यांना ‘मी उदास आहे’ असे म्हणण्याची सवय नसते. ते म्हणतात, छातीत धडधडते, अंगात कणकण आहे, डोके जड आहे, घास घशाखाली उतरत नाही. अरब घरांतही दुःख असेच छातीच्या तक्रारीतून बोलते. अशा वेळी रक्त तपासून घ्यावेच, पण तपासण्या निर्दोष आल्या म्हणजे ‘काही झालेले नाही’ असे मानू नये.

औषधांचा इतिहास योगायोगाचा आहे. १९५२ साली न्यूयॉर्कच्या एका क्षय रुग्णालयात नवे औषध घेणारे रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित झालेले दिसले. १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांनी इमिप्रामिन या औषधाचा गुण जाहीर केला. १९८७ साली अमेरिकेत फ्लुऑक्सेटीनला मान्यता मिळाली. ही औषधे झोपेच्या गोळ्यांसारखी त्याच रात्री काम करीत नाहीत. गुण येण्यास काही आठवडे लागतात. बरे वाटू लागले म्हणून ती एकाएकी सोडू नयेत. अति तीव्र आजारात विजेचा उपचार भूल देऊन करतात. सिनेमात त्याची जी भीती दाखवली जाते, ती आजच्या पद्धतीला लागू नाही.

बोलण्याच्या उपचाराचे एक उत्तम उदाहरण आपल्या कोकणाच्या दाराशीच आहे. मुंबईत वाढलेले डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था काढली. मनोविकारतज्ज्ञ थोडे आणि रुग्ण फार, म्हणून त्यांनी गावातीलच सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले. सहा ते आठ भेटींत ते रुग्णाला दिवसाची लहान लहान कामे आखून देत: सकाळी अंघोळ, दुकानापर्यंत फेरी, एका मैत्रिणीची भेट. मन लागल्यावर काम करायचे, हा आपला नेहमीचा क्रम. येथे तो उलटा केला आणि आधी काम, मग मन असे ठरले. या पद्धतीची चाचणी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली आणि केवळ नेहमीच्या दवाखान्यातील उपचारापेक्षा ती अधिक गुणकारी ठरली. आम्हां शिक्षकांना हे वाचून विशेष आनंद झाला, कारण पाठ लहान करून शिकवणे हेच तर आमचे काम.

कुवेतमध्ये २०१९ साली मानसिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा झाला व त्याने रुग्णांचे हक्क लिहून ठेवले. इस्राएलमध्ये जुलै २०१५ पासून मनाच्या आजारावरील उपचार कुपत होलीमच्या सेवांत आले. म्हणजे गुडघा दुखला तर ज्या दाराशी आपण जातो, त्याच दाराशी यासाठीही जाता येते.

आपल्या घरी

कुवेतच्या इतिहासातून आम्ही घेतलेला धडा असा. त्या देशाने प्रथम विहिरी विझवल्या, मग घरे बांधली, आणि त्याच वेळी मनाचेही काही करावे लागेल हे मान्य केले. आपण मात्र घरे घेतली, मुले शिकवली, आणि मनाचे राहून गेले.

तेव्हा पुढच्या वेळी “मन लागत नाही” असे कोणी म्हटले, तर उपदेश न करता “कधीपासून?” असे विचारावे व उत्तर पुरे होईपर्यंत गप्प बसावे. जेवणखाण व झोप कशी आहे ते विचारावे. जगणे नकोसे होते काय, हेही विचारण्यास कचरू नये. विचारल्याने असा विचार मनात येतो ही समजूत खोटी आहे. उलट विचारल्याने माणूस बोलता होतो. उत्तर होकारार्थी आले तर त्यास एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. इस्राएलमध्ये ‘एरन’ची दूरध्वनी सेवा १२०१ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते. भारतातील नातेवाइकांसाठी सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. आजीआजोबांना हिब्रू अवघड जात असेल, तर नातवाने वा शेजाऱ्याने दवाखान्यात सोबत जाऊन त्यांचे मराठी बोलणे जसेच्या तसे डॉक्टरांना सांगावे. “घास उतरत नाही” याचे भाषांतर नुसते “भूक नाही” असे करू नये.

निरीक्षणाच्या त्या जुन्या वहीतला शेरा आम्हांस आता खोडता येणार नाही. तो मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला असेल. त्यानंतर वर्गात बाकावर डोके टेकून बसलेले मूल दिसले की, आम्ही शेरा लिहिण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसतो आणि त्याच्या घरचे विचारतो. वाचकांनीही आपापल्या घरी तेवढे करावे, ही विनंती.

शालोम.